चावीपासून स्प्लाइनपर्यंत

भिवंडीच्या जुन्या यंत्रमागात क्रँक शाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा खालच्या शाफ्टचा एक होतो. दोन्हींवरची दातेरी चाकं धरून ठेवते ती लोखंडी चावी: शाफ्टात खाच, चाकात खाच आणि मध्ये ठोकलेली पट्टी. चावी ढिली झाली की माग ठोके देतो, फिटर हातोडी घेऊन येतो, काम पुढं सुरू.

मागाचं एवढ्यावर भागतं, कारण तिथलं चाक जागेवरच फिरतं. मोटारीचं तसं नव्हतं. 1890 च्या दशकात फ्रान्सच्या पानार-लव्हासोर कंपनीनं सरकत्या गिअरचा गिअरबॉक्स आणला. आता गिअरनं शाफ्टसोबत फिरायचं आणि त्याच शाफ्टवर मागंपुढंही सरकायचं. सुरुवातीच्या मोटारींत त्यासाठी शाफ्ट चक्क चौकोनी ठेवत. तोडगा रांगडा, सगळा जोर कोपऱ्यांवर यायचा. मग गोल शाफ्टवरच चार, सहा, दहा दाते ठेवून मधला भाग कापून काढू लागले. ही स्प्लाइन. म्हणजे ताकद हा पुढचा फायदा, पहिली गरज सरकण्याची.

हबच्या, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या चाकाच्या मधल्या भागाच्या, आतल्या खाचा हे मात्र किचकट काम होतं. ते सोपं केलं ब्रोचनं. ब्रोच म्हणजे टप्प्याटप्प्यानं उंच होत जाणाऱ्या दात्यांची लांब सळई. भोकातून एकदा ओढली की सगळ्या खाचा तयार. स्प्लाइन घरोघरच्या गाडीत पोचली याचं श्रेय मी तरी या सळईलाच देईन. पुढं सरळ दात्यांच्या जोडीला गिअरसारखे वक्र, इन्व्हॉल्यूट दाते आले. जोर पडला की त्यांच्यामुळं हब आपसूक मध्यावर येतो.

आपल्याकडं 1954 मध्ये टाटांच्या टेल्कोनं डायमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. आज भिवंडीतल्याच मानकोली, राहनाळच्या गोदामांपुढं रांगेनं उभ्या ट्रकांखाली प्रॉपेलर शाफ्टची स्प्लाइन दिसते. खड्ड्यात मागचा अ‍ॅक्सल वरखाली झाला की गिअरबॉक्सपासूनचं अंतर बदलतं. तेवढा फरक ती सरकून सांभाळते. ग्रीस आटलं की दाते झिजतात आणि गाडी उचलताना खालून 'खट्' ऐकू येतं.

जाणता मेकॅनिक हा जोड उपसण्याआधी छिन्नीनं दोन्ही भागांवर समोरासमोर खूण करतो. शाफ्टच्या दोन टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतात आणि नीट जुळवले तरच एकमेकांचा फरक खोडतात. बसवताना एखाददुसरा दाता चुकला, तर शाफ्ट फिरतो खरा, पण महामार्गावर वेग घेतला की गाडी थरथरायला लागते आणि ड्रायव्हर टायरवाल्याकडं जातो.