प्लानिच्का, फ्रांटिशेक

प्लानिच्का, फ्रांटिशेक : (२ जून १९०४–२० जुलै १९९६). चेकोस्लोव्हाकियाचा विख्यात फुटबॉल गोलरक्षक. दोन महायुद्धांमधील काळात यूरोपातील जे मोजके गोलरक्षक सर्वश्रेष्ठ गणले गेले, त्यांत स्पेनचा रिकार्दो सामोरा आणि इटलीचा जाम्पिएरो कोंबी यांच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जाते. त्याचा जन्म प्राग येथे झाला. शहरातील लहान क्लबांतून खेळण्यास प्रारंभ करून १९२३ मध्ये तो ‘स्लाव्हिया’ या नामांकित क्लबात दाखल झाला आणि खेळातून निवृत्त होईपर्यंत त्याच क्लबात राहिला. त्याची उंची सु. १७२ सेंमी. म्हणजे गोलरक्षकाच्या मानाने बेताचीच होती. ही उणीव त्याने चपळाई, अचूक अंदाज आणि लांब झेप यांच्या बळावर भरून काढली. ‘प्रागची मांजर’ हे त्याला मिळालेले टोपणनाव या गुणांचेच द्योतक होय.

प्लानिच्काच्या कामगिरीचे मोल कळण्यासाठी तत्कालीन गोलरक्षकाची स्थिती ध्यानी घेणे अवश्य आहे. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. चेंडू पुढे दिला जात असता आघाडीच्या खेळाडूपुढे प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावेत, असा पूर्वीचा दंडक होता. तो दोन खेळाडूंवर आला. त्यामुळे आक्रमकांना गोलाकडे मुसंडी मारणे सुलभ झाले, गोलांची संख्या वाढली आणि गोलरक्षकावरील भार अधिकच जड झाला. १९२९ पासून पेनल्टीचा फटका मारला जाईपर्यंत गोलरक्षकाने गोलरेषेवर स्थिर राहावे, असेही बंधन आले. चेंडू जाड चामड्याचा असून पावसात भिजला की वजनदार व निसरडा होई. हातमोजे क्वचितच वापरले जात. चेंडू हाती असलेल्या गोलरक्षकास खांद्याने धडक देणे नियमबाह्य नव्हते. जागतिक स्पर्धेच्या सामन्यात जखमी खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू उतरविण्याची मुभा १९७० पर्यंत नव्हती. म्हणून गोलरक्षक जायबंदी झाला, तर त्याने तशाच अवस्थेत खेळावे किंवा संघातील अन्य कोणी त्याची जागा घ्यावी, एवढेच पर्याय उरत.

प्लानिच्का स्लाव्हियात आला, तेव्हा तेथे जॉन विल्यम मॅडन या स्कॉटिश प्रशिक्षकाची राजवट होती. प्राग, व्हिएन्ना व बूडापेस्ट या शहरांत त्या काळी आखूड पासांचा, चेंडू जमिनीलगत ठेवणारा खेळ विकसित झाला होता. चेकोस्लोव्हाकियात १९२५ मध्ये सुरू झालेल्या लीग स्पर्धेचे पहिले अजिंक्यपद स्लाव्हियाने पटकाविले; १९३७ पर्यंत अशी एकूण आठ अजिंक्यपदे क्लबास मिळाली. या सर्व काळात गोलाची धुरा प्लानिच्काकडे होती. १९२७ पासून खेळल्या जाणाऱ्या मध्य यूरोपीय चषक (मित्रोपा) स्पर्धेत मात्र त्याच्या वाट्याला निराशाच आली. १९२९ च्या अंतिम फेरीत हंगेरीच्या उयपेश्त संघाने स्लाव्हियाचा पराभव केला. १९३२ च्या उपांत्य फेरीत प्रागमधील पहिला सामना स्लाव्हियाने यूव्हेंतुसविरुद्ध ४–० असा जिंकला होता; तूरिन येथील दुसऱ्या सामन्यात यूव्हेंतुस संघ २–० असा पुढे असता प्रेक्षकांतून भिरकावलेला दगड प्लानिच्काला लागला. स्लाव्हियाने मैदान सोडले. परिणामी दोन्ही संघ बाद ठरविण्यात आले आणि चषक बोलोन्या संघाकडे गेला.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत तो १९२६ पासून खेळू लागला व पुढे राष्ट्रीय संघाचा कर्णधारही झाला. १९३४ ची जागतिक स्पर्धा इटलीत बाद पद्धतीने खेळविण्यात आली. २७ मे रोजी त्रिएस्ते येथे चेकोस्लोव्हाकियाची पहिलीच गाठ रूमानियाशी पडली. श्तेफान डोबायच्या गोलामुळे मध्यंतरापर्यंत रूमानिया पुढे होता. उत्तरार्धात पुच व नेयेडली यांनी प्रत्येकी एक गोल करून सामना २–१ असा जिंकून दिला. त्यानंतर स्वित्झर्लंडवर ३–२ आणि उपांत्य फेरीत जर्मनीवर ३–१ असे विजय मिळाले. जर्मनीचा एकमेव गोल नोआकच्या लांबवरच्या फटक्यावर झाला. त्याचा अंदाज प्लानिच्काला आला नाही. पण त्या चुकीने तो खचला नाही.

अंतिम सामना १० जून १९३४ रोजी रोम येथे मुसोलिनीच्या उपस्थितीत झाला. इटलीचा कर्णधार कोंबी आणि चेकोस्लोव्हाकियाचा प्लानिच्का हे दोघेही गोलरक्षक होते, हे या सामन्याचे आगळे वैशिष्ट्य. उत्तरार्धात पुचने गोल करून चेकोस्लोव्हाकियाला आघाडी मिळवून दिली. त्यानंतर स्वोबोदाचा फटका गोलखांबावर आदळला. तो आत गेला असता, तर सामन्याचा निकाल बहुधा तेथेच लागला असता. खेळ संपण्यास अवघी काही मिनिटे असताना ओर्सीने मारलेला चेंडू हवेत अनपेक्षितपणे वळून गोलात शिरला. दुसऱ्या दिवशी छायाचित्रकारांसमोर, मोकळ्या गोलावरही ओर्सीला तसा फटका पुन्हा साधला नाही, असे सांगितले जाते. जादा वेळात स्कियाव्योने दुसरा गोल केला आणि इटली २–१ असा विजयी झाला.

१९३८ च्या फ्रान्समधील स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाने जादा वेळात नेदर्लंड्सवर ३–० अशी मात केली. १२ जून रोजी बॉर्दो येथे ब्राझीलविरुद्ध झालेला उपांत्यपूर्व सामना अत्यंत हिंसक ठरला. ब्राझीलचे दोन व चेकोस्लोव्हाकियाचा एक अशा तीन खेळाडूंना पंचांनी बाहेर काढले. गोल करून बरोबरी साधणारा नेयेडली पुढे गंभीर जखमी झाला, तर प्लानिच्काचा हात मोडला. तशाही अवस्थेत त्याने आपली जागा सोडली नाही आणि जादा वेळानंतर सामना १–१ असा बरोबरीत सुटला. दोन दिवसांनी झालेल्या फेरसामन्यात कर्णधाराविना उतरलेला संघ १–२ असा हरला. बॉर्दोचा सामना हा प्लानिच्काचा ७३ वा आणि अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये म्यूनिक करार झाला आणि मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. ज्या प्रजासत्ताकाच्या वतीने तो बारा वर्षे खेळला, ते त्याच्या निवृत्तीनंतर वर्षभरातच नकाशावरून पुसले गेले.

चेकोस्लोव्हाकियातर्फे सर्वाधिक सामने खेळल्याचा त्याचा विक्रम लादिस्लाव्ह नोव्हाकने १९६६ मध्ये मागे टाकला. सभ्य खेळाबद्दल प्लानिच्काला १९८५ मध्ये युनेस्कोच्या पारितोषिकाने गौरविण्यात आले. १९३४ च्या उपविजेत्या संघातील तो अखेरचा हयात खेळाडू होता. प्राग येथे तो निधन पावला.

त्याची कीर्ती मुख्यतः जिंकलेल्या चषकांवर उभी नाही. यूरोपीय आणि जागतिक पातळीवरील त्याचे सर्वांत महत्त्वाचे सामने पराभवात किंवा वादात संपले. तथापि गोलरक्षकाची परीक्षा त्याच्या संघाने केलेल्या गोलांवरून होत नाही. संकटसमयी तो आपल्या जागी किती ठामपणे उभा राहतो, यावरून होते. या कसोटीवर रोममधील पराभव आणि बॉर्दो येथील बरोबरी यांनीच प्लानिच्काला फुटबॉलच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून दिले.