शाळेपासून घर किती लांब?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

परवा मुलीचा फोन आला. ती आणि जावई मोठं घर बघताहेत. नातू पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. तिने विचारलं, "बाबा, कुठल्या उपनगरात शाळा चांगल्या आहेत हो? तुम्ही इतकी वर्षं इतिहास शिकवलात, तुम्हाला माहीत असेल."

फोन ठेवला आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांच्या कागदपत्रांत एक पिवळा पडलेला, पाठकोरा कागद आहे. साल १९६१. तेव्हा आम्ही गिरगावात चाळीतल्या दीड खोलीत सात माणसं राहत होतो. अण्णा फोर्टात एका कचेरीत कारकून होते. घर बदलायचं ठरलं तेव्हा त्यांनी त्या कागदावर तीन गावांची नावं लिहिली : दादर, पार्ले, डोंबिवली. प्रत्येकापुढे तीन रकाने. पहिल्यात भाडं आणि पागडी, दुसऱ्यात रेल्वेचा पास आणि तिसऱ्यात शाळा. शाळेचा रकाना सगळ्यांत मोठा.

म्हणजे मुलीचा प्रश्न आमच्या घरात साठ वर्षांहून जुना आहे. मुंबईत तर तो शंभर वर्षांहूनही जुना आहे. हा प्रश्न मुंबईकराला पडायला लागला कधी, हे आधी पाहू.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत तो फारसा पडत नसे. नामांकित शाळा शहराच्या दक्षिण टोकाला होत्या. एल्फिन्स्टन, विल्सन, झेवियर्स, सगळ्या गिरगाव, धोबीतलाव, किल्ला याच पट्ट्यात. कोकणातून, देशावरून मुलगा शिकायला आला की तो कुणा काकाच्या, मामाच्या बिऱ्हाडी याच भागात उतरायचा. शाळा होती तिथे घर, आणि घर म्हणजे दाटीवाटीची चाळ.

ही घडी मोडली ती प्लेगने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. कोंदट वस्ती हेच रोगाचं घर, असं सरकारचं मत पडलं आणि १८९८ साली कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, आणि शहराच्या उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथल्या मोकळ्या जमिनींची आखणी केली. सरळ रस्ते, झाडं, चौक, घराच्या चारी बाजूंनी हवा. आज आपण हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी म्हणतो ती याच आखणीतली.

आता गंमत बघा. जागा तयार झाली, तरी शहरातला माणूस लगेच तिकडे धावला नाही. एक तर लांब, त्यात दिवेलागण झाली की सामसूम. आणि मुलांना घालायचं कुठे? रस्ते, गटारं, दिवे हे सगळं ट्रस्ट देऊ शकत होता. शाळा मात्र राहायला आलेल्या माणसांनाच उभी करावी लागली. १९१७ साली दादरला इंडियन एज्युकेशन सोसायटीची किंग जॉर्ज शाळा निघाली, आजचं राजा शिवाजी विद्यालय. माटुंग्याला दक्षिणेकडून आलेली कुटुंबं स्थिरावत होती, त्यांनी १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ साली लोकांना खुलं झालं, भोवती इमारती उठल्या, आणि १९४० साली दादासाहेब रेगे यांनी तिथे बालमोहन विद्यामंदिर सुरू केलं. तिन्ही ठिकाणी क्रम एकच : आधी माणसं, मग शाळा, आणि शाळेचं नाव झाल्यावर आणखी माणसं.

पार्ल्याची हकीकत तर आमच्या घरचीच म्हणायची. १९२० मध्ये विलेपार्ले मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचं गाव होतं. भोवती शेतं, बागा, विहिरी. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. त्यांचं स्मारक म्हणून पार्लेकरांनी पुढच्याच वर्षी, जून १९२१ मध्ये, शाळा काढली : पार्ले टिळक विद्यालय. गावात पुतळा उभारणं सोपं होतं. त्यांनी शाळा उभारली, कारण त्यांना स्मारकाइतकीच शाळेची गरज होती. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि पार्ल्याहून फोर्ट गाठणं कारकुनाच्या आवाक्यात आलं. बापाने रोज गाडीचे धक्के खायचे आणि पोराने चालत शाळेत जायचं, असा संसाराचा नवा हिशेब तयार झाला. पु. ल. देशपांडे यांचं कुटुंब आधी जोगेश्वरीला राहत होतं, तिथून ते पार्ल्यात आलं, आणि पु. ल. याच टिळक विद्यालयात शिकले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याला सत्याग्रहींची छावणी पडली. १९३४ साली गुजराती मंडळींनी केळवणी मंडळ स्थापन केलं. एवढ्याशा गावात दोन भाषांच्या लोकांनी आपापल्या मुलांसाठी संस्था काढल्या आणि गावाचं उपनगर झालं.

पण हे चित्र इथेच थांबवलं तर इतिहास अर्धा राहील. उपनगर निवडणं हे ज्याला भाडं परवडतं आणि ज्याला घरमालक जागा देतो त्याचंच काम होतं. अनेक वसाहती जातीच्या, पंथाच्या नावाने उभ्या राहिल्या. जाहिरातीत लिहिलेलं नसे, पण कुणाला जागा मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत असे. गिरणगावातल्या कामगाराच्या पोराला महापालिकेच्या शाळेचा आधार होता. १९२५ साली महापालिकेने एफ आणि जी या दोन वॉर्डांत प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते याच कामगार वस्तीच्या भागात.

आणि त्याच परळच्या एका चाळीतली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुभेदार रामजी आंबेडकर साताऱ्याहून मुंबईला आले. राहायला एक खोली. सगळ्यांना एका वेळी झोपता येणार नाही एवढीच जागा. मुलगा लवकर झोपे, वडील जागत बसत आणि रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवून मग स्वतः आडवे होत. मुलाला त्यांनी घातलं होतं एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये, शहरातल्या नामांकित सरकारी शाळेत. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. ज्यांना उपनगर निवडण्याची सोय नव्हती अशा घरातही शाळा निवडली गेली. तिची किंमत वडिलांनी झोपेत मोजली. पुढे त्याच मुलाने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, दादरच्या हिंदू कॉलनीत पुस्तकांसाठी 'राजगृह' बांधलं आणि १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. स्वतःला झगडून मिळालं ते दुसऱ्याला सहज मिळावं, म्हणून.

स्वातंत्र्यानंतर मुंबईची हद्द दोनदा वाढली. १९५० साली पार्ले-अंधेरी, घाटकोपर शहरात आले. १९५७ साली हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण नव्या माणसाला पागडीशिवाय जागा मिळेना. अण्णांच्या त्या कागदावर दादरच्या नावावर काट मारलेली आहे, ती पागडीच्या रकान्यामुळे. डोंबिवलीपुढे 'पास जास्त, गाडी गर्दीची' असं लिहिलंय. राहिलं पार्ले. दोन खोल्या, बाहेर मोरी, पण शाळा जवळ.

मी सहा वर्षांचा होतो. शाळेच्या इमारतीवर मजला चढत होता आणि दर रविवारी सकाळी अण्णा पावतीपुस्तक खिशात घालून दारोदार जात. कुणी पाच रुपये देई, कुणी दोन, कुणी नुसता चहा. आई शाळेच्या मदतीसाठी लावलेल्या नाटकाची तिकिटं वाण्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात मारी. गणिताचे मास्तर बाजारात भेटले की तिथेच माझी तक्रार होई आणि तिथेच निकाल लागे. शाळा 'चांगली' होती म्हणजे काय, तर तिच्यावर गावाची नजर होती. ती आपली आहे असं पाच रुपये देणाऱ्यालाही वाटे.

पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणगाव हळूहळू रिकामं होत गेलं. घरांचे भाव वाढले, तसा मराठी माणूस डोंबिवली, बदलापूर, वसई, विरार असा सरकत गेला. तिथेही आधी माणसं पोचली, मग शाळा. एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन पाळ्या भरत. पण याच सुमारास एक गोष्ट बदलली आणि ती बदलणाऱ्यांत मीही होतो.

मुलगी अडीच वर्षांची झाली तेव्हा घरापासून चार मैलांवरच्या एका इंग्रजी शाळेत तिचं नाव घालायला मी पहाटे चारला रांगेत उभा राहिलो. माझी स्वतःची शाळा घरासमोर होती. तिथे मी दरवर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मातृभाषेतल्या शिक्षणावर बोलत असे. अण्णा तेव्हा हयात होते. ते एवढंच म्हणाले, "चार मैल? म्हणजे तुला तिथल्या मास्तरांचं नाव कळणार नाही." मला राग आला होता. पण झालं तसंच. दहा वर्षं मी फी भरली, वर्षातून दोनदा प्रगतिपुस्तकावर सही केली, आणि मुलीच्या एकाही शिक्षकाचं घर मला कधी माहीत नव्हतं. एकदा तिच्यावर वर्गात अन्याय झाला तेव्हा दाद मागायला गेलो, तर फाटकावरच्या माणसाने अर्ज ठेवून घेतला. उत्तर आलं नाही. शाळा वाईट होती असं नाही. ती माझी नव्हती, एवढंच. मी तिथे गिऱ्हाईक होतो.

इकडे घरासमोरच्या शाळेत एकेक तुकडी कमी होत गेली. पटावरची मुलं घटली की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक जातो, शिक्षक गेला की उरलेले पालक बिथरतात. अशा शाळा कुणी बंद पाडल्या, असं विचारलं तर सरकारकडे बोट दाखवणं सोपं आहे. मला माझी पहाटे चारची रांग आठवते.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना, आणि प्रवेशात घराजवळच्या मुलाला प्राधान्य : आधी एक किलोमीटरच्या आतला, मग तीन किलोमीटरच्या आतला. २०२४ साली राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. ज्याला चांगल्या वस्तीत घर घेता येत नाही, त्याच्या पोराला त्या वस्तीतल्या शाळेचं दार उघडावं की नाही, असा तो वाद होता. परळच्या त्या एका खोलीपासून शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेला.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला फोन केला. म्हटलं, चांगल्या शाळांचं उपनगर सांगता येणार नाही, ते दर पंचवीस वर्षांनी बदलतं. दादर, पार्ले, डोंबिवली, कुणीही तयार शाळा घेऊन जन्माला आलं नव्हतं. तू एवढंच बघ, की शाळेच्या सभेला गेलीस तर तुला बसायला खुर्ची देतात की बाहेर उभं करतात. आणि जिथे घर घेशील तिथल्या मोलकरणीचं पोरही त्याच शाळेत जात असेल, तर ती शाळा एकदा आत जाऊन बघून ये.

ती म्हणाली, "बाबा, मग तुम्ही मला लांबच्या शाळेत का घातलंत?"

या प्रश्नाचं उत्तर मला इतिहासात सापडलं नाही. मी म्हटलं, "चुकलं असेल."

अण्णांचा कागद मी तिला दिलाय. त्यात पार्ल्याच्या शाळेपुढे त्यांनी बारीक अक्षरात एक ओळ लिहिली आहे. शाळेचा निकाल किती लागतो ते नाही, फी किती ते नाही. लिहिलंय : 'चालत अकरा मिनिटं. मध्ये रेल्वेचं फाटक लागत नाही.'