मैत्री, शब्द आणि भय : 'कार्मिला' व तिचा वंश

जोसेफ शेरिडन ले फानू (१८१४–१८७३) ह्या डब्लिनच्या कथाकाराची 'कार्मिला' ही दीर्घकथा 'द डार्क ब्लू' ह्या लंडनच्या मासिकात डिसेंबर १८७१ पासून मार्च १८७२ पर्यंत क्रमशः छापली गेली आणि १८७२ मध्येच त्याच्या 'इन अ ग्लास डार्कली' ह्या संग्रहात समाविष्ट झाली. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' तिच्यानंतर पंचवीस वर्षांनी आली. त्यामुळे वाङ्मयेतिहासात ह्या कथेचा उल्लेख बहुधा 'ड्रॅक्युला'ची पूर्वसूरी म्हणूनच होतो. हा उल्लेख चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दोन तरुण मुलींच्या परस्परांना ग्रासून टाकणाऱ्या मैत्रीतून भय निर्माण करणारा एक कथाप्रकार इंग्रजीत आज किशोरवयीन व नवतरुण वाचकांसाठी लिहिला जात आहे. त्याचे बीज कोलरिजच्या 'क्रिस्टाबेल' (१८१६) ह्या अपूर्ण काव्यात सापडत असले, तरी त्याला कथेचा पूर्ण आकार प्रथम 'कार्मिले'त आला. ह्या परंपरेचा इतिहास जितका पिशाचांचा आहे, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, एका नसलेल्या शब्दाचा आहे.

कथानक थोडक्यात असे : ऑस्ट्रियाच्या स्टिरिया प्रांतातील एका एकाकी गढीत लॉरा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी आपल्या इंग्रज पित्यासह राहते. आई लहानपणीच वारली आहे. सोबतीला येणारी मुलगी अकस्मात मरण पावल्याची वार्ता येते आणि त्याच संध्याकाळी चांदण्यात एक घोडागाडी गढीपाशी उलटते. गाडीतील सरदारीण आपल्या अशक्त मुलीला तीन महिन्यांसाठी तेथेच ठेवून निघून जाते. ही मुलगी कार्मिला. लॉराने वयाच्या सहाव्या वर्षी रात्री बिछान्यापाशी पाहिलेला आणि कधीही न विसरलेला चेहरा हाच. कार्मिलाही सांगते की, आपणही त्या वेळी स्वप्नात तुलाच पाहिले होते. भय येथूनच सुरू होते. पण त्याबरोबर ओळखीचा एक आनंदही सुरू होतो. ले फानूची खरी करामत ह्या दोहोंना वेगळे न होऊ देण्यात आहे.

भाषेच्या अभ्यासकाला ह्या गढीतील एक तपशील फार मोलाचा वाटावा. बाप व लेक इंग्रजीत बोलतात, कारण ती भाषा विसरू नये अशी त्यांची इच्छा आहे, आणि त्यात देशाभिमानही आहे. एक शिक्षिका फ्रेंच व मोडकेतोडके इंग्रजी बोलते, तर दुसरी फ्रेंच व जर्मन. लॉरा स्वतःच ह्या सरमिसळीला बायबलातील बाबेलची उपमा देते. इतक्या भाषांच्या घरात वाढलेल्या ह्या मुलीला आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या अनुभवासाठी मात्र एकाही भाषेत शब्द मिळत नाही. कार्मिला तिला जवळ घेते, तिच्या कानात प्रेमाचे उद्गार काढते, आपण दोघी कायमच्या एक होऊ असे म्हणते. लॉराच्या मनात प्रेम भक्तीच्या थराला जाते आणि त्याच क्षणी तिरस्कारही वाढतो. हा विरोधाभास आहे हे आपल्याला कळते, पण ह्याहून निराळे स्पष्टीकरण देता येत नाही, अशी तिची कबुली आहे. शेवटी एक तर्क तिला सुचतो : कोणी प्रेमी तरुण मुलीचा वेष घेऊन तर घरात शिरला नाही ना? जुन्या गोष्टींच्या पुस्तकांत असे प्रसंग तिने वाचलेले असतात. म्हणजे, स्त्रीने स्त्रीवर असे प्रेम करावे ही शक्यता तिच्या कल्पनेत उतरण्यापूर्वी वेषांतर केलेल्या पुरुषाची शक्यता उतरते. तीही टिकत नाही. मग उरते ते पिशाच.

(ही कथा मराठीत आणू पाहणाऱ्याची येथे एक गंमतीची अडचण होईल. इंग्रजीत 'मी'चे क्रियापद लिंगनिरपेक्ष असते. मराठीत मात्र कार्मिला 'मी आले', 'मी थकले' असेच म्हणणार. त्यामुळे त्या कल्पित तरुणाला केवळ वस्त्रांचे नव्हे, तर प्रत्येक क्रियापदाचे वेषांतर करावे लागेल.)

समकालीन वाचकांना कार्मिलेची लाडिक भाषा आज वाटते तितकी धक्कादायक वाटण्याचे कारण नव्हते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मध्यम व वरिष्ठ वर्गांतील स्त्रिया एकमेकींना ज्या उत्कट भाषेत पत्रे लिहीत, ती सभ्य मैत्रीची भाषा मानली जाई. अमेरिकन इतिहासकार कॅरोल स्मिथ-रोझनबर्ग ह्यांचा १९७५ मधील निबंध आणि लिलियन फॅडरमन ह्यांचा १९८१ मधील ग्रंथ ह्यांनी हा व्यवहार सप्रमाण पुढे मांडला. ले फानूच्याच आयर्लंडातून एलेनॉर बटलर व सारा पॉन्सन्बी ह्या दोघी १७७८ मध्ये घर सोडून निघाल्या आणि वेल्समधील लॅनगॉलन येथे पन्नास वर्षे एकत्र राहिल्या. वर्ड्‌स्वर्थ व स्कॉट ह्यांच्यासारखी माणसे त्यांच्या भेटीला जात. आदर्श मैत्री म्हणून त्यांचे कौतुक होई. ले फानूने नवी भाषा घडवली नाही. ह्या मान्य भाषेलाच त्याने तिच्या सीमेपर्यंत नेले आणि सीमेपलीकडे काय आहे ते सांगण्यासाठी थडगे उघडले.

ह्याच सुमारास तो शब्द दुसरीकडे तयार होत होता. हंगेरियन लेखक कार्ल-मारिया कर्टबेनी ह्याने १८६९ मध्ये जर्मन पत्रकांत 'होमोसेक्शुअल' हा शब्द छापला. इंग्रजीत तो रुळू लागला तो १८९० नंतर. येथे एक चमत्कारिक योगायोग नमूद केला पाहिजे. कथेत १६९८ सालचे एक जुने चित्र साफ होऊन गढीत परत येते आणि त्यातील सरदारीण मिरकाला हिचा चेहरा हुबेहूब कार्मिलेचा निघतो. ते चित्र येते ग्राझहून, म्हणजे स्टिरियाच्या राजधानीतून. कथा छापली गेली त्याच दशकात रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग हा मनोरोगतज्ज्ञ ग्राझला आला, १८८९ पर्यंत तेथेच राहिला, आणि 'सायकोपॅथिया सेक्शुआलिस' (१८८६) हा आपला ग्रंथ त्याने त्याच काळात प्रसिद्ध केला. कथाकाराने ज्या अनुभवाला पिशाच म्हटले, त्याला वैद्याने त्याच शहरात रोग म्हटले. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. आणि म्हणूनच ही जुळणी अधिक बोलकी आहे.

कथेची मांडणीही ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. लॉरा बोलते, पण तिचे निवेदन पुरुषांच्या हातांतून वाचकापर्यंत पोचते. संग्रहात जोडलेल्या प्रस्तावनेनुसार ते डॉ. हेसेलियस ह्याच्या कागदपत्रांत सापडले आहे आणि लिहिणारी आता हयात नाही. पिशाचाचा उलगडा जनरल स्पील्सडोर्फ व बॅरन व्होर्डेनबर्ग करतात. कार्मिला, मिरकाला, मिलार्का ही एकाच नावाच्या अक्षरांची उलटापालट आहे, हेही त्यांच्याकडूनच कळते. मग शवपेटी उघडून छातीत खुंटा ठोकला जातो, शिरच्छेद होतो, राख नदीत सोडली जाते. ही सर्व कारवाई लॉरा प्रत्यक्ष पाहत नाही. अधिकृत अहवालावरून ती सांगते. एका ठिकाणी ती म्हणते की ह्या घटनेला आठ वर्षे झाली. दुसऱ्या ठिकाणी, दहांहून अधिक. ही लेखकाची नजरचूक असणे सर्वांत संभाव्य आहे. तरीही जिला काळाचा हिशेब लागत नाही अशी निवेदिका त्या नजरचुकीने मिळाली, आणि ती शेवटच्या वाक्याशी जुळते. कारण तेथे लॉराला अजूनही कार्मिलेचे हलके पाऊल दिवाणखान्याच्या दाराशी वाजल्याचा भास होतो. अहवालाने प्रकरण संपवले, तिचे संपले नाही.

नवा शब्द आला तेव्हा जुनी मैत्री संशयास्पद ठरली. १८९७ साली इंग्रजीत निघालेल्या हॅवलॉक एलिसच्या ग्रंथाच्या आवृत्त्यांत मुलींच्या शाळेतील मैत्रीवर एक स्वतंत्र परिशिष्टच आढळते. क्लेमन्स डेन हिच्या 'रेजिमेंट ऑफ विमेन' (१९१७) ह्या कादंबरीत थडगे नाही, शाळा आहे. आणि एका शिक्षिकेच्या लहरी लोभापायी एका बुद्धिमान विद्यार्थिनीचा जीव जातो. त्या शिक्षिकेची तुलना टीकाकारांनी रक्तपिशाचाशी केली आहे. पिशाच रूपक झाले, पण शिक्षा तीच राहिली.

तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांत हा विषय जॉन डोनोव्हन ह्याच्या १९६९ मधील कादंबरीपासून आला. नॅन्सी गार्डनच्या 'अ‍ॅनी ऑन माय माइंड' (१९८२) मध्ये प्रेमात पडलेल्या दोन मुलींना शेवटी मृत्यू किंवा वेड पत्करावे लागले नाही. ह्या साध्या गोष्टीची किंमत पुस्तकाला मोजावी लागली : १९९३ मध्ये कॅन्झस सिटीत त्याची प्रत जाळण्यात आली आणि कॅन्झसमधील एका शाळामंडळाने ते ग्रंथालयांतून काढून टाकल्यावर १९९५ मध्ये न्यायालयाला ते परत ठेवण्याचा आदेश द्यावा लागला. ह्या लढ्यानंतर भयकथेची गरज संपली असे कोणाला वाटले असते, तर ते नवल नव्हते. शब्द मिळाला, मग पिशाच कशाला?

परंतु तसे झाले नाही. रोरी पॉवर हिच्या 'वाइल्डर गर्ल्स' (२०१९) मध्ये रॅक्स्टर बेटावरील मुलींची शाळा दीड वर्ष साथीमुळे बंदिस्त आहे. रोगाने हेटीचा एक डोळा गेला आहे, बायटच्या पाठीला दुसरा कणा फुटला आहे, रीसचा एक हात चंदेरी खवल्यांचा झाला आहे. बायट नाहीशी होते, आणि तिच्या शोधासाठी हेटी संरक्षक कुंपण ओलांडते. हेटी व रीस ह्यांच्यातील प्रेमाचे येथे कोणाला आश्चर्य वाटत नाही आणि त्याला कोणी शिक्षाही करीत नाही. भय आता दुसरीकडे आहे : मैत्रिणीसाठी माणूस इतरांचा किती बळी देईल, आणि ज्या मैत्रिणीसाठी तो द्यायचा, तिला आपण खरोखर ओळखतो काय, ह्या प्रश्नात. लॉराचा प्रश्नही मुळात हाच होता. शब्दाच्या अभावाने तो पिशाचाच्या आड गेला होता. एक फरक मात्र निर्णायक आहे. कार्मिलेला स्वतःचे निवेदन नाही. तिच्याविषयी जे कळते ते लॉरा सांगते, आणि लॉराविषयी जे ठरते ते पुरुष ठरवतात. 'वाइल्डर गर्ल्स'मध्ये हेटीच्या प्रकरणांच्या मध्ये मध्ये बायट स्वतः बोलते, आणि हेटीने मनात धरलेली मैत्रीण व ही बोलणारी मुलगी ह्या एकच नाहीत, हे वाचकाला हेटीच्या आधी कळते.