स्पंदकांचे गॅमा किरण आणि पचमढीचा अंधार

चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, ज्या जुन्या मध्य प्रांतात मोडत असे, त्या प्रांताचे सरकार उन्हाळ्यात सातपुड्यातील पचमढीला मुक्काम हलवीत असे. पुढे प्रांत मोडले, राज्ये झाली. आणि १९८० च्या दशकात, चंद्रपूरलगत महाऔष्णिक वीज केंद्र उभे राहून त्याची ऊर्जानगर वसाहत दिव्यांनी उजळत असताना, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपल्या गॅमा किरणांच्या दुर्बिणी उटीहून पचमढीला नेल्या.

उटीतील काम १९६९ मध्ये, स्पंदकांच्या शोधाची बातमी ताजी असतानाच, सर्चलाइटचे दोन आरसे वापरून सुरू झाले होते. स्पंदक म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारा, प्रबळ चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा; वृषभ राशीतील खेकडा तेजोमेघातला स्पंदक सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या घेतो. त्याचे गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, परंतु अतिऊर्जावान किरण वातावरणाच्या वरच्या थरात आदळला की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांचा वर्षाव सुटतो, आणि हे कण हवेतील प्रकाशापेक्षाही वेगाने धावत असल्याने काही अब्जांश सेकंद टिकणारी निळसर चमक उमटते, जिला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. ही चमक इतकी क्षीण असते की निरभ्र, चंद्रहीन रात्रीवाचून ती टिपता येत नाही. पचमढीत यासाठी पुढे २५ दुर्बिणींचा समूह उभारण्यात आला व प्रत्येक दुर्बिणीवर ०.९ मीटर व्यासाचे ७ आरसे बसवण्यात आले.

त्या काळात जगभरातील अनेक गटांनी स्पंदकांचे संकेत मिळाल्याचे जाहीर केले, पण त्यांतील बहुतेक पुन्हा दिसले नाहीत. खेकडा स्पंदकाची २५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपलीकडील स्पंदने ला पाल्मा बेटावरील मॅजिक दुर्बिणीने २००८ मध्ये निर्विवादपणे नोंदवली. अतिप्रबळ क्षेत्राच्या स्पंदकांसाठी मात्र जमिनीवरील दुर्बीण अपुरीच पडते, आणि त्याचे कारण निरीक्षकाच्या कौशल्यात नसून त्या ताऱ्यांच्या स्वभावात आहे. खेकडा स्पंदकाच्या पृष्ठभागी सुमारे ४ लाख कोटी गॉस क्षेत्र मानले जाते, तर पीएसआर बी १५०९-५८ या स्पंदकाचे सुमारे १५ लाख कोटी. एवढ्या क्षेत्रात ताऱ्याजवळ निघालेला ऊर्जावान गॅमा किरण इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोडीत रूपांतरित होतो किंवा दोन कमी ऊर्जेच्या किरणांत दुभंगतो, असा सिद्धांत आहे. या स्पंदकाची स्पंदने मुख्यतः काही कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच ठळक दिसतात, म्हणून त्यांचा अभ्यास कॉम्प्टनसारख्या उपग्रहांनीच करावा लागला.

भारतातील हे काम नंतर लडाखमधील हानले येथे, ४ हजार मीटरहून अधिक उंचीवर, गेले. विदर्भात मात्र काळोखाचे मोल आता उमगू लागले आहे : पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला २०२४ मध्ये देशातील पहिले अंधाराकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. ताडोबा आणि गडचिरोलीच्या रानांसाठीही अशीच मागणी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांनी लावून धरावी.