एक गडी होता

११ डिसेंबर १९१६. बर्लिनच्या दक्षिणेला वुन्सडॉर्फच्या युद्धकैद्यांच्या छावणीत मल्ल सिंग नावाचा पंजाबी शिपाई ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभा राहिला आणि जेमतेम दीड मिनिट बोलला. एक माणूस होता. हिंदुस्थानात तो लोणी खायचा, दूध प्यायचा. युरोपच्या लढाईत आला, जर्मनांच्या हाती सापडला. त्याला घरी जायचंय. आणखी दोन वर्षं इथं काढावी लागली तर तो मरेल.

हे ऐकताना आजीच्या चुलत्याची आठवण झाली. अण्णा मराठा पलटणीतला. इराकातल्या कूटला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, फौजेची उपासमार झाली, घोडी-खेचरं कापली गेली, तरी कितीतरी हिंदी शिपाई त्या मांसाला शिवेनात. तिथून अण्णा तुर्कांच्या कैदेत गेला आणि लढाई संपल्यावर परतला. आजी सांगायची, ओसरीवर तो कधी ‘मी’ म्हणालाच नाही. ‘एक गडी हुता,’ अशीच सुरुवात. ‘त्या गड्याच्या म्होरं घोड्याचं मटान आलं.’ ‘मग?’ पोरं विचारायची. ‘मग काय, लढाई संपली,’ म्हणत तो चंची सोडायचा. त्यानं खाल्लं की नाही, हे घरात आजही कुणाला ठाऊक नाही. आजीला बहुधा ठाऊक असावं.

मल्ल सिंगच्या लोण्याशी मात्र जर्मन पंडितांना कर्तव्य नव्हतं. विल्हेल्म डोगेनच्या पुढाकारानं नेमलेल्या ध्वनिमुद्रण आयोगाला हवे होते उच्चार. मजकूर आधी लिहून घ्यायचा, तालीम करायची, मग तबकडी. बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट हा त्या काळातला ठरलेला नमुना. हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सननंही आपल्या वऱ्हाडी-कोकणी बोली तिच्यावरच घासून पाहिल्या. घरी परतणाऱ्या मुलाची गोष्ट कैद्याकडून वदवून घ्यायची आणि त्यातलं व्याकरण तेवढं टिपायचं! ‘मग?’ म्हणून पुढं विचारणारं तिथं कुणी नव्हतं.

ते विचारलं फिलिप शेफ्नरनं, नव्वद वर्षांनी. बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठातल्या या तबकड्यांवर त्यानं २००७मध्ये ‘द हाफमून फाइल्स’ हा चित्रपट केला. त्यात बराच वेळ पडदा नुसता काळा असतो. तबकडीची खरखर आणि त्या खरखरीतून बोलणारा माणूस, एवढंच. मला ते पटलं. चेहरा दाखवला असता तर आपण पगडीच बघत बसलो असतो.