मद्रासची लाट

मार्च 1753. सेंट जॉर्ज किल्ल्याच्या समुद्राकडच्या दरवाजातून तुम्ही बाहेर पडता आणि लगेच पाय वाळूत रुततात. आजच्या चेन्नईचं बंदर इथे शोधू नका. ते व्हायला अजून शंभराहून जास्त वर्षं आहेत. धक्का नाही, खाडी नाही, आडोसा नाही. इंग्लंडला निघालेलं ‘बॉम्बे कॅसल’ दूर खोल पाण्यात नांगरून उभं आहे आणि मधे लाटा फुटताहेत.

वाळूवर एक बिऱ्हाड मांडलेलं दिसतं: पेटारे, पिंपं, पलंग, मेज, खुर्च्या. जहाजावर प्रवाशाला मिळते ती नुसती खोली. सामान ज्याचं त्याने न्यायचं आणि हेलकाव्यात घसरू नये म्हणून दोरांनी जखडून टाकायचं. हे बिऱ्हाड रॉबर्ट क्लाइव्ह आणि मार्गारेट मास्केलिन यांचं. 18 फेब्रुवारीला किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चमध्ये त्यांचं लग्न झालं. तो सत्तावीस वर्षांचा, ती सतराची. नवऱ्याचं नाव तुम्ही ऐकून आहात. 1751च्या आरणीच्या लढाईत मुरारराव घोरपड्यांचे मराठे स्वार याच्याच बाजूने लढले होते.

निघायची घाई का, ते वाऱ्याला विचारा. ईशान्येचा वारा आता सरत आलाय. आणखी रेंगाळलं तर नैऋत्येचा वारा तोंडावर येईल आणि आफ्रिकेच्या टोकाकडे जाणं महाकठीण होईल. पावसाळा उलटेपर्यंत थांबावं, तर ऑक्टोबरात इथे वादळं येतात. 1746च्या ऑक्टोबरात मद्रास जिंकून बसलेल्या फ्रेंचांची जहाजं एका रात्रीत याच किनाऱ्यासमोर बुडाली. नांगर टाकायला आडोसाच नाही, तर जहाज वाचणार कसं?

आता लाटा ओलांडून जहाजापर्यंत नेणाऱ्या मसुला होडीजवळ या. हात लावून बघा. फळ्यांच्या कडांना भोकं पाडून त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या आहेत. टाक्यांखाली गवताची वळी दाबून बसवली आहे, पाणी आत येऊ नये म्हणून. अख्ख्या होडीत एक खिळा नाही. जहाजांच्या स्वतःच्या होड्या लाटांच्या पलीकडेच थांबतात, कारण खिळ्यांनी ठोकलेली ताठ होडी इथल्या वाळूवर आपटली की फुटते. ही मात्र लाटेखाली सुपासारखी लवते आणि पुन्हा आपल्या आकारात येते. पाणी थोडं झिरपतंच. ते उपसायला एक जण बसलेला असतो.

मार्गारेटला खुर्चीसकट उचलून होडीत ठेवतात. तुम्हीही चढा, काठ घट्ट धरा. मागे लांब वल्हं धरून तांडेल उभा आहे. मुक्कुवर नावाडी एका सुरात गात वल्ही मारतात आणि पहिल्या लाटेपाशी एकदम थांबतात. तांडेल समुद्राकडे बघतोय. मोठी लाट पुढे फुटू देतो, मग ओरडतो, आणि सगळी वल्ही एकदम पाण्यात पडतात. होडीचं नाक आभाळाकडे जातं, अंगावर खारं पाणी कोसळतं. बाजूने दोन-तीन ओंडके बांधलेल्या कट्टुमरमवर माणसं येताहेत. कुणी पाण्यात पडलंच तर त्याला बाहेर काढायला. लाटांच्या अशा तीन रांगा पार केल्यावर पाणी शांत होतं.

जहाजावर पोचलात की नकाशा बघा. उत्तर-दक्षिण कुठे आहोत हे सूर्याच्या उंचीवरून कळतं. पूर्व-पश्चिम मात्र वेग मोजून बांधलेला अंदाज, आणि अंदाज चुकला तर खडक. हा प्रश्न सोडवण्यासाठी पुढे आयुष्य घालवणारा माणूस मार्गारेटचाच भाऊ आहे, नेव्हिल मास्केलिन. चंद्राच्या स्थानांवरून रेखांश काढता यावा म्हणून त्याने केलेलं नाविक पंचांग 1767 सालापासूनचं. बहिणीच्या या प्रवासाला त्याचा उपयोग नाही.

या जोडप्याबद्दल पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. होडी शिवणाऱ्याचं नाव कुठे सापडत नाही, आणि मला ही उणीव फार मोठी वाटते. 1639 साली ईस्ट इंडिया कंपनीने बंदर नसलेल्या किनाऱ्यावर शहर वसवायला घेतलं. लोखंडी धक्का आला तो 1861मध्ये. मधली सव्वादोनशे वर्षं प्रत्येक नववधू, प्रत्येक गव्हर्नर, कापडाचा प्रत्येक गठ्ठा याच नावाड्यांच्या भरवशावर लाटा ओलांडत होता. मद्रासचं बंदर म्हणजे ही माणसं होती, आणि शहराच्या इतिहासाची सुरुवात त्यांच्यापासून करायला हवी.