फुलण्याचा काळ आणि अबकारीची नजर

शिरूर कासार हें सिंदफणेच्या काठचें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेथून पश्चिमेस थोड्याच अंतरावर इंग्रजांचा अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, लागत असे. माती, पाऊस व भाषा दोहींकडे सारखींच; राज्यें व कायदे मात्र निराळे. मुंबई इलाख्यांतील गांज्याचें मुख्य पीक याच नगर जिल्ह्यांत, सरकारी परवान्यानें, निघत असे. या पिकाविषयीं बोलतांना सर्वांचें लक्ष त्याच्या कैफाकडे जातें. आम्हांस तें त्याच्या फुलण्याच्या काळाकडे वेधावयाचें आहे. कारण कायद्याची बरीचशी मदार त्या काळावर होती.

गांजा म्हणजे मादी झाडाचे, परागकण न लागलेले, राळेनें चिकट झालेले शेंडे. म्हणून नर झाडें ओळखून वेळींच उपटणें हें या शेतीचें मुख्य कौशल्य. सामान्यतः हें झाड दिवस लहान झाल्यावांचून फुलत नाहीं. ही गोष्ट फ्रान्समध्यें जुलियें तूर्न्वा यानें १९१२ सालीं प्रयोगानें दाखविली, व १९२० सालीं अमेरिकेंतील गार्नर व अलार्ड यांनीं तिला व्यापक नियमाचें रूप दिलें. आपल्या १९ अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा, तर लहान अकरा तासांचा. म्हणून पावसाळ्यांत पेरलेलें सारें पीक एकाच सुमारास फुलावर येई. शेतकऱ्यास शास्त्र ठाऊक नव्हतें. हंगाम ठाऊक होता.

सरकारासहि तेवढें पुरेसें होतें. १८९३ सालीं मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या कमिशननें ११९३ साक्षीदार तपासले, आणि १८९४ सालीं असा निर्णय दिला कीं, माफक सेवनानें सहसा अपाय होत नाहीं. सबब संपूर्ण बंदी न करितां लागवड, कर व परवाने यांनींच या व्यसनास आवरावें. हा मार्ग चालूं शकला, कारण पीक वर्षांतून एकदांच, उघड्या रानांत, सर्वांच्या डोळ्यांसमोर उभें राही.

रशियांत व्होल्गेच्या काठीं मात्र उन्हाळा आंखूड व त्यांतले दिवस फार लांब. दिवस लहान होण्याची वाट पाहत बसल्यास बी धरण्यापूर्वींच थंडी येणार! तेथील रानभांग म्हणूनच दिवसमान न पाहतां, वयानुसार, थोड्या आठवड्यांत फुलते. यानिशेव्स्की यानें १९२४ सालीं तिला स्वतंत्र जाति म्हणून नांव दिलें. अलीकडचे शीघ्रपुष्पी वाण हे याच गुणाचे वारस मानले जातात. ते ठेंगणे असतात, आणि ऋतूची वाट न पाहतां, बंद खोलींत दिव्याखालींहि फुलतात.

आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें गांज्याची व्याख्या फुललेल्या शेंड्यांवरूनच केली. शेंड्यांवांचूनचीं पानें व बी तींतून वगळलीं. विनापरवाना लागवडीस आज दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा कठोर झाला. परंतु ज्या हंगामाच्या भरंवशावर जुनी देखरेख उभी होती, तो हंगामच या नव्या वाणांनीं मोडला आहे. अशा वेळीं तुरीच्या पाटांत चार झाडें लावणारा कोरडवाहू शेतकरी सहज सांपडावा आणि दिव्याखालीं पिकविणारा निसटावा, हा धोका उघड आहे. शिक्षेचा आंकडा वाढविल्यानें तो टळेल असें आम्हांस वाटत नाहीं.